१९८८ ची मॅटॅडोर पिकअप परत रस्त्यावर आणायचीये – पांढरा धूर, आपोआप रेस, आणि पार्ट कुठे शोधू?

तासगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या चुलत्यांची (आम्ही तात्या म्हणतो) बजाज टेम्पोची मॅटॅडोर पिकअप आहे, १९८८ ची, मागं लाकडी हौदा, मर्सिडीजचं ओएम ६१६ डिझेल इंजिन. द्राक्षाच्या पेट्या वाहिल्या हिनं आयुष्यभर आणि मग बोलेरो पिकअप आल्यावर शेडमध्ये जी लागली ती लागलीच, वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. आता तात्यांनी म्हटलंय तुला काय करायचं ते कर पण भंगारात घालायची नाय. तर मी बॅटरी नवीन टाकली, ऑइल बदललं, टाकीतलं जुनं डिझेल काढून नवीन भरलं आणि सेल्फ मारला. बराच वेळ घेऊन चालू झाली (!!) पण त्रास असे आहेत

पहिला म्हणजे सकाळी हीटर (चालू करायच्या आधी इंजिन आतनं तापवणारा) धरून पण पटकन घेत नाही, घेतली की पांढराशुभ्र धूर आणि एक-दोन मिनिटांत हुक हुक करून बंद. परत हाताच्या प्रायमरनं पंप मारला की परत चालू. दुसरा जरा भीतीदायक आहे, गरम झाल्यावर कधीकधी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता रेस चढायला लागते, मी घाबरून स्टॉपचा दांडा ओढला. तिसरं, अंगणात फिरवली तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं की पुढनं खट खट खट. ब्रेक तर जवळजवळ नाहीतच, पेडल खाली जातं. आणि पुढची काच कोपऱ्यातनं तडकलीये, तिचं रबर पार बिस्किट झालंय.

गावातला मिस्त्री म्हणतो इंजिनच उतरवू आणि बोरिंग (झिजलेले सिलिंडर आतनं कापून) करू, खर्च सांगितला तो ऐकून तात्या हसले. दुसरा म्हणतो दुसरं इंजिन बसवू. पार्टचं विचारलं की सगळे एकच म्हणतात, "मॅटॅडोरचं आता काही मिळत नाही". खरंच का? कुठून सुरुवात करू?

भंगार_सम्राट
भावा स्पष्ट बोलतो राग मानू नको. दोन लाख घालशील आणि हातात येणार ऐंशीच्या स्पीडला थरथरणारा पत्र्याचा डबा. किलोवर विकून टाक, नाहीतर बोलेरोचं इंजिन-गिअरबॉक्स सेट टाक आणि मोकळा हो. माझ्या ओळखीत एकानं जीपमध्ये तसं केलंय, मस्त चालते.

डिझेलदादा
वरच्या भावानं जीपचं सांगितलं ते जीपला ठीक आहे. मॅटॅडोर फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे राव. इंजिन केबिनमध्ये दोन सीटच्या मधे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल पुढेच, मागे नुसती चाकं. प्रोपेलर शाफ्टच नाही. म्हणूनच हौदा एवढा खाली बसतो आणि पेट्या चढवायला बरा पडायचा. त्यात मागच्या चाकाला ओढणाऱ्या गाडीचा सेट घालायचा म्हणजे चासी कापा, मागे हाउसिंग बसवा, आणि वर आरसीवर इंजिन नंबर बदलायला आरटीओची आधी परवानगी. ही गाडी राहतच नाही मग ती. तो विषय सोड.

आता तासगावकर, तू सांगितलेल्या लक्षणांवरनं इंजिन उतरवायची भाषा आत्ताच करायचं काही कारण दिसत नाही. प्रायमर मारला की चालू होते आणि मग मरते याचा अर्थ डिझेल लाइनमध्ये हवा घेतीये. हे इंजिन इतकी वर्षं उभं राहिलं की रबरी नळ्या कडक होतात, त्यातनं डिझेल गळत नाही पण हवा आत जाते, म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि माणूस फसतो. टाकीपासून सुरू कर. टाकी उतरव, आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल टाकून हलव, काय निघतं बघ, बहुतेक चहाच्या रंगाचा गाळ निघेल. टाकीतल्या उभ्या सक्शन पाइपाला खाली जाळी असते ती साफ कर. टाकी ते फीड पंप (टाकीतनं डिझेल ओढणारा) नळी नवी घाल, सगळे बँजो बोल्टचे (नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे घाल (जुने वॉशर गरम करून परत वापरतात लोक, चालतं, पण चार-दोन रुपयांसाठी कशाला), दोन्ही फिल्टर नवे. आणि नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात त्या) डोक्यावरनं एकमेकांना जोडणाऱ्या त्या बारीक कापडी विणीच्या रिटर्न नळ्या आहेत ना, त्या सगळ्या बदल, शेवटच्या नोझलला बूच असतं ते पण. ओएम ६१६ वर हवा घ्यायची ती ठरलेली जागा आहे.

फीड पंपानंतर फिल्टरपर्यंत तात्पुरती एक पारदर्शक नळी टाक. बुडबुडे दिसले तर मागचं काम बाकी आहे, नाही दिसले तर पुढं सरक. याच्यात अंदाज लागत नाही, डोळ्यांनी दिसतं.

आता हीटर. तुझ्या गाडीला डॅशबोर्डवर ती छोटी जाळी आहे का, ज्याच्या आत तार लाल होते? ती असेल तर हीटर प्लग सिरीजमध्ये आहेत, म्हणजे पहिल्यातनं दुसऱ्यात असा करंट जातो आणि एक तुटला की चारही गार. तार लाल होत नसेल तर एखादा प्लग गेला, आणि फारच पटकन पांढरी होत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे. या जुन्या प्लगना प्रत्येकी साधारण एक व्होल्टच लागतो. दुकानदार तुला नवीन पेन्सिल टाइप देईल, ते १२ व्होल्टचे पॅरलल असतात. एक जुना गेला म्हणून एक नवीन त्यात घुसवला असं करू नको. बदलायचे तर चारही आणि वायरिंग पण.

रेस चढते त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, गॅरेजवर गिऱ्हाईक आलंय. तोपर्यंत ती गाडी चालू करू नको.

नाना_पेठ_फेम
"मॅटॅडोरचं काही मिळत नाही" हे अर्धं खरं आहे. इंजिनचं सगळं मिळतं. हेच ओएम ६१६ ट्रॅक्समध्ये आलं, आणि ट्रॅक्स गावोगावी वडाप म्हणून अजून पळतात, त्यामुळं पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, टायमिंग चेन, वॉटर पंप किट असलं सगळं पुण्यात नाना पेठेत काउंटरवर मिळतं, कोल्हापूर-सांगलीत पण जुन्या दुकानात मिळेल. फक्त मॅटॅडोरमध्ये इंजिन पुढच्या ड्राइव्हला जोडलंय म्हणून सम्प (खालचं ऑइलचं भांडं), माउंटिंग, मॅनिफोल्ड असलं बाहेरचं काही घ्यायचं असेल तर जुना पार्ट हातात घेऊन जा, ट्रॅक्सचं बसेलच असं धरून चालू नको.

जे मिळत नाही ते म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट (तुझी खट खट त्यांचीच असणार), दाराची हँडलं, काचेची रबरं, मीटर, ग्रिल. आणि इथं एक युक्ती सांगतो जी दुकानात उभं राहून राहून कळलीये. काउंटरवर गाडीचं नाव सांगायचंच नाही. "मॅटॅडोर" म्हटलं की पोरगं मान हलवतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघतं. बेअरिंग काढ, पुसून काढ, त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, स्पेअरच्या नाही. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी अशी तीन मापं असतात, बऱ्याचदा सीलवरच छापलेली असतात, पुसली असतील तर व्हर्नियरनं घे, पण सीलवरनं नाही तर शाफ्टवरनं आणि हाउसिंगवरनं, कारण जुनं सील फाकलेलं असतं. व्हील सिलिंडरचं पण तसंच, बोअर किती ते मोज आणि त्या मापाचं रबर किट माग. फॅनबेल्टवर नंबर असतो. अशानं अर्ध्या गाडीचं सामान दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या नावानं मिळून जातं.

भंगारच्या बाबतीत, आधी आम्ही लोकांना पिंपरी-चिंचवडला चिखलीतल्या कुदळवाडीला पाठवायचो, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेनं तिथले शेड पाडले तेव्हापासून माल कुठं कुठं विखुरलाय. आता मुंबईत कुर्ल्याला बघ नाहीतर सरळ आपल्याच भागात फिर. मॅटॅडोर जास्त करून दूधवाले, मंडपवाले, बँडवाले यांच्याकडं होत्या. मंडपवाल्यांच्या गोडाउनच्या मागं बघ, बांबू खाली एखादी सापडते. अख्खी डोनर गाडी मिळाली तर घेऊन टाक, सुटा पार्ट शोधण्यापेक्षा स्वस्त पडते.

तासगावचा_पोरगा
दादा, जाळी आहे आणि तार लाल होतच नाही! म्हणजे हीटर कधी लागलाच नव्हता आणि मी आपला अर्धा मिनिट बटण दाबून बसतोय. आणि मंडपवाल्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या इथं एक आहेत त्यांच्याकडं पूर्वी दोन होत्या, विचारतो.

डिझेलदादा
हां, आता रेस. हे नीट वाच.

डिझेल इंजेक्शन पंपाच्या (नोझलना डिझेल देतो तो) मागच्या टोकाला बघ. तिथं गोल चपटी डबी असेल आणि इनटेकच्या (इंजिन हवा ओढतं त्या) तोंडापासून एक नळी येऊन तिला जोडली असेल तर तुझ्या पंपाचा गव्हर्नर (डिझेल किती द्यायचं ते ठरवणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो. डबीत एक पडदा असतो. इनटेकमधला व्हॅक्यूम तो पडदा ओढून डिझेल कमी करतो, आणि स्प्रिंग उलट बाजूनं डिझेल वाढवायला ढकलत असते. लक्षात आलं का, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग जिंकते आणि पंप पूर्ण डिझेल द्यायला लागतो. नळी तडकली, क्लिप ढिली झाली, पडदा फाटला, तिन्हीत तेच होणार. गरम झाल्यावर होतं म्हणतोस म्हणजे नळी मऊ पडून सुटत असेल किंवा पडद्याला भेग असेल.

तपासायचं असं. गाडी बंद. डबीवरची नळी काढ. पंपावरचा स्टॉपचा लिव्हर हातानं स्टॉपकडं पूर्ण दाब, तसाच दाबून ठेवून नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट लाव, आणि मग लिव्हर सोड. पडदा चांगला असेल तर लिव्हर थोडासा परत येऊन तिथंच अडकून राहील कारण आत हवा जायला जागा नाही. सरळ झपकन मागं आला तर पडदा गेला. पडदा सुटा मिळतो, पंप-नोझलच्या दुकानात विचार, पंप बनवणाऱ्या मायकोचा नंबर पंपाच्या पट्टीवर कोरलाय त्याचा फोटो घेऊन जा.

दुसरं, डिपस्टिक काढून वास घे. ऑइलची लेव्हल वाढलीये आणि डिझेलचा वास येतोय असं असेल तर फीड पंपाचा आतला सील गेला किंवा नोझल मुततंय, आणि ते ऑइल इनटेकमधनं ओढून इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागू शकतं. तेव्हा स्टॉपचा दांडा ओढून काही होत नाही. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर त्यात पण खुणेच्या वर ऑइल भरलेलं नाही ना बघ. हे सगळं होईपर्यंत गाडी चालू करायचीच असेल तर एअर क्लीनर काढून ठेव आणि एक माणूस जाड फळी घेऊन इनटेकच्या तोंडाशी उभा कर. रेस सुटली की फळी दाबायची. हात नाही, चिंधी नाही, फळी. चिंधी आत ओढून घेतं.

हे सगळं झाल्यावर मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) मोज. नोझल काढून डिझेलचा गेज लावायचा (पेट्रोलचा नाही, फुटेल). नव्या इंजिनला २२ ते २४ बार येतं, १५ च्या खाली गेलं किंवा चार सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक आला तर मिस्त्रीचं बरोबर, इंजिन उघडा. पण त्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स लाव, गार इंजिनला, इनलेट ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.३०. क्लिअरन्स संपलेला असला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन खोटं कमी दिसतं, कितीतरी इंजिनं यावरच विनाकारण उघडली जातात. याला १४ चे दोन पातळ पाने लागतात, साधे पाने जात नाहीत, आमच्याकडं ग्राइंडरवर घासून बनवलेत. नोझल पण टेस्टरवर लाव, ११५ ते १२५ बारला उघडायला हवीत आणि थेंब न पडता फवारा.

मेधा_स्टुटगार्ट
मी मूळ मिरजेची, नोकरीनिमित्त इकडे जर्मनीत. मॅटॅडोर बघून राहवलं नाही, आमच्या कॉलनीत दूध तिच्यातूनच यायचं. दोन गोष्टी सांगते, उपयोग झाला तर झाला.

इंजिन इकडच्या जुन्या मर्सिडीज २४० डी मध्ये होतं, डब्ल्यू १२३ बॉडीवाल्या. ती गाडी जपणारे इकडे इतके लोक आहेत की गॅस्केट सेट, रिटर्न नळ्या, अगदी ते जुने तारेचे हीटर प्लगसुद्धा मिळतात. पण वर नाना पेठवाले म्हणाले तसं इंजिनचं तुम्हाला तिकडेच स्वस्तात मिळेल, इकडून मागवून कस्टम ड्युटी भरण्यात अर्थ नाही.

जास्त कामाची गोष्ट बॉडीची आहे. मॅटॅडोरचं मूळ डिझाइन इकडचं, हांबुर्ग-हारबुर्गच्या टेम्पो कारखान्यातलं, नंतर ते हानोमागच्या नावानं आणि शेवटी मर्सिडीजच्या नावानं एल २०६ डी आणि एल ३०६ डी म्हणून १९७७ पर्यंत विकलं गेलं. या गाड्यांच्या कॅम्पर व्हॅन केलेल्या असतात आणि त्यांचे मालक रबरं, काचा, दाराचे बिजागर असं एकमेकांत विकतात, नवीन बनवून पण घेतात. त्यामुळं पुढच्या काचेचं रबर शोधताना एल २०६ डी आणि एल ३०६ डी ही नावं टाकून बघा. पण पैसे भरण्याआधी आपल्या काचेच्या कडेची पूर्ण लांबी दोऱ्यानं मोजा आणि रबराचा एक तुकडा आडवा कापून त्याच्या सेक्शनचा फोटो स्केल ठेवून विक्रेत्याला पाठवा. भारतात बनवताना बदल झालेले आहेत, दिसायला एक म्हणून माप एक असं नाही.

भंगार_सम्राट
ताई रबर जर्मनीहून?? 😂 कोल्हापूरला उद्यमनगरात तुकडा दाखव, रबराची डाय काढून पाहिजे तेवढे मीटर ओढून देतात. काच पण बस बॉडी बांधणाऱ्यांकडं चौकशी कर, मापाची बनवून घेतात ते लोक.

मेधा_स्टुटगार्ट
हे जास्त चांगलं आहे, मान्य 😀 फक्त पुढची काच लॅमिनेटेडच घ्या, साधी नको.

आरटीओ_ग्रस्त
सगळे नट-बोल्ट बोलताय, कागद कुणी विचारले का? एक पैसा घालायच्या आधी हे कर. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघ गाडी दिसते का. १९८८ ची म्हणजे एमएच-१० सुरू व्हायच्या आधीचा जुना नंबर असणार, असल्या बऱ्याच गाड्या कॉम्प्युटरवर चढलेल्याच नसतात, मग आरसी बुक घेऊन सांगली आरटीओत बॅकलॉग एंट्रीचा अर्ज करावा लागतो. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का बघ. आमच्या एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टरवर एका बंद पडलेल्या पतसंस्थेचा बोजा निघाला, कर्ज कधीच फिटलेलं, पण दाखला द्यायला माणूसच नाही. चासी नंबरवर पेन्सिल घासून प्रिंट काढ आणि आरसीशी ताडून बघ, गंजलाय म्हणून त्यावर ग्राइंडर फिरवू देऊ नको कुणाला, डेंटरला आधीच सांग. तिथला नंबर पुसला गेला तर मग विसरच.

मालवाहू म्हणून पासिंग करायचं तर ८ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, आणि १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलीये, वर पर्यावरण कर आणि मागचा थकलेला टॅक्स. हा हिशोब आरटीओतनं आधी लिहून घे. आणि कुणी "विंटेजमध्ये टाकू" म्हणेल तर ऐकू नको, २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेजला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि बिगर-धंद्याची लागते. तुझी अजून लहान आहे.

तासगावचा_पोरगा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

दादा अंगठ्याची टेस्ट केली, लिव्हर सरळ झपकन मागं आला. डबी उघडली तर पडद्याला कडेनं नखाएवढी भेग, आणि नळीच्या टोकाला पण चिकटपट्टी गुंडाळलेली होती, कुणाचं काम देव जाणे. डिपस्टिकला डिझेलचा वास नाही, लेव्हल बरोबर. प्लग बाहेर काढले, तिसऱ्याची तार तुटून आतच पडलेली नाही ना म्हणून घाबरलो पण तुकडा प्लगलाच लोंबत होता. रिटर्न नळ्या हातात तुटल्या. पडदा मिरजेत पंपवाल्याकडं सांगितलाय.

कागदाचं तात्यांच्या ट्रंकेत आरसी बुक सापडलं, बोजा होता पण त्याखाली उतरवल्याचा शिक्का आहे. साइटवर मात्र गाडी दिसत नाही. म्हणजे बॅकलॉग.

मंडपवाल्याकडं एक मॅटॅडोर आहे!! इंजिन नाही पण पुढचा एक्सल पूर्ण आणि पुढची काच शाबूत. देतो म्हणालाय, भाव ठरायचाय. तर आता प्रश्न असा की त्याच्या जागेवर लाइट नाही, गाडी मातीत बसलीये, तिथून मला दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि काच काढून आणायचीये. कसं करू? आणि ब्रेकचं?

नाना_पेठ_फेम
भाव ठरवताना काच आणि शाफ्टचं नाव काढू नको, "लोखंड किती वजनाचं होईल" एवढंच विचार 😉 आणि जमलं तर अख्खी उचलूनच आण, दाराची हँडलं, मीटर, वायपरची मोटर हे सगळं नंतर आठवतं.

डिझेलदादा
उचलून आणता आली तर उत्तमच. नाही जमलं तर असं कर.

काच काढताना जुनं रबर वाचवायच्या नादाला लागू नको. आतल्या बाजूनं रबराची कड कटरनं पूर्ण गोल कापून टाक, मग दोघांनी बाहेरनं धरायची आणि एकानं आतनं वरच्या दोन कोपऱ्यांत तळहातानं हळू ढकलायचं. काच उभीच ठेवून आणायची, आडवी टाकली की खड्ड्यात तडकते. गोणपाट नको, गादी घे.

शाफ्टचा मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा, जॅकवर चढवून जोर लावला तर गाडी अंगावर येईल, आणि ती मातीत बसलीये म्हणतोस तेव्हा जॅकखाली फळी आणि चासीखाली ओंडके टाकल्याशिवाय आत जायचं नाही. नटाला कॉटर पिन किंवा ठोकून वाकवलेली कड असेल ती आधी सरळ कर. आदल्या दिवशी जाऊन डिझेल आणि ऑइल मिसळून नटावर सोडून ये. डावा-उजवा शाफ्ट एकसारखे दिसले तरी खडूनं खूण कर. आणून लगेच बसवू नको, बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) काढ, जुनं ग्रीस धुऊन काढ, जॉइंटच्या आतल्या चालीवर नख फिरवून बघ. नख अडकलं म्हणजे खड्डा पडलाय, तो पण खटखट करणार. तुझे दोन आणि हे दोन अशा चारांपैकी जे दोन सर्वात गुळगुळीत ते लाव, उरलेले ठेव जपून. बूट नवे घाल, मोलिब्डेनमवालं काळं ग्रीस भर, साधं पिवळं नको.

ब्रेकचं, पेडल खाली जातंय म्हणजे मास्टर सिलिंडर आतनं सोडतोय नाहीतर चाकात गळतंय. चारही ड्रम उघड. सिलिंडरच्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर नुसतं रबर किट घालून उपयोग नाही, महिन्यात परत गळेल. मापाचा नवा नाहीच मिळाला तर उद्यमनगरात बोअर करून स्टीलचा स्लीव्ह बसवून देतात, मूळ मापाला होनिंग (आतनं गुळगुळीत घासून) करून घे. लोखंडी ब्रेक पाइप सगळे बदल, वरनं चांगले दिसतात आणि क्लिपच्या खाली खाल्लेले असतात. हौदा, रंग, सीटा हे सगळं त्यानंतर. तात्यांना घेऊन पहिली चक्कर मारशील तेव्हा ब्रेक लागायला पाहिजे.

पडदा आला की टाकताना डबीच्या चारही स्क्रूवर सारखा ताण दे, एका बाजूनं आवळला तर परत हवा घेईल. मग रेस कशी बसते ते कळव.